ग्रँट वर्षाची, व्यसन पंधरा वर्षांचं

गेल्या अंकात मी व्यसनमुक्तीच्या सरकारी पैशाबद्दल लिहिलं होतं, म्हणजे एवढंच म्हटलं होतं की हॉस्पिटलातल्या खाटा वाढवा, जरूर वाढवा, पण पेशंट घरी गेल्यावर त्याच्यामागे जो माणूस वस्तीत फिरतो त्याचा पगार कोण देणार ते पण बघा. त्यावर भरपूर पत्रं आली, निम्मी तर चिडूनच लिहिलेली. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. अशाच एका छोट्या संस्थेचे हिशोब मी बरीच वर्षं लिहिले, त्यामुळे मला आजारातलं कमी आणि व्हाउचरमधलं जास्त कळतं. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, व्यसन हा आजार आहे असं तुम्हीच म्हणता. मग आजाराला हॉस्पिटल आहे की. वस्तीत सेंटर, गट, फिरते कार्यकर्ते यावर सरकारने वेगळा खर्च का करायचा?
– एक निवृत्त शिक्षक

सर, हॉस्पिटल पाहिजेच, त्यात वाद नाही. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर फिट्स येऊ शकतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो, तिथे वस्तीतला कार्यकर्ता काय करणार. पण डिटॉक्स म्हणजे नशा शरीरातून उतरवणं, ते काम एक-दोन आठवड्यांचं. त्यानंतर तो माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच भांडणात परत येतो, फक्त आता हातात एक डिस्चार्ज कार्ड असतं एवढाच फरक.

आणि हे नुसतं वातावरणाचं नाही बरं का. हेरॉइन, ब्राउन शुगर, तसल्या गोळ्या, यात शरीराची सवय काही दिवसांत उतरते पण डोक्याला डोस मात्र जुनाच आठवत असतो, तोच डोस घेतला की श्वास मंदावतो आणि थांबतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा अभ्यास झाला होता, २००७ साली छापून आला, त्यात सुटल्यानंतरच्या पहिल्या २ आठवड्यांत ओव्हरडोसने मरायचा धोका बाकीच्या जनतेच्या १२९ पट निघाला. तो तुरुंगाचा आकडा आहे हे मान्य, पण शरीर तुरुंगातून सुटलं काय आणि वॉर्डातून सुटलं काय, सवय दोन्हीकडे उतरलेलीच असते. म्हणजे सगळ्यात धोक्याचे दिवस नेमके ते, जेव्हा हॉस्पिटलच्या कागदावर पेशंट 'बरा होऊन घरी' गेलेला असतो.

दुसरं असं की बहुतेक लोक हॉस्पिटलच्या दारापर्यंत येतच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या ड्रग्जविषयक कार्यालयाचा २०२४ चा अहवाल सांगतो की जगात ड्रग्जमुळे आजारी म्हणावेत असे साधारण ६ कोटी ४० लाख लोक आहेत आणि त्यांच्यातल्या ११ जणांमागे एकालाच उपचार मिळतात. भारतात एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये जाहीर झालं, त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसले ना कसले उपचार मिळाले होते, बेकायदा ड्रग्जच्या बाबतीत २० जणांमागे एकाला. बाकीचे कुठे आहेत? घरीच आहेत, पुलाखाली आहेत, कामावर पण आहेत. लाज वाटते, पोलिसांची भीती वाटते, रोजंदारी बुडते. यांच्यापर्यंत कुणीतरी चालत जायला लागतं.

आमच्याकडे एक कार्यकर्ता होता, स्वतः बारा वर्षं ओढून मग सुटलेला. तो कुणाच्या घरी गेला की 'सोडलीस का' असं कधीच विचारायचा नाही. विचारायचा, 'झोप लागते का रात्री?' बस. मग समोरचा झोपेबद्दल बोलायला लागायचा, झोपेवरून पाय दुखतात त्यावर यायचा, पायांवरून काल परत थोडी घेतली त्यावर, आणि अर्ध्या तासाने तोच म्हणायचा की उद्या डॉक्टरकडे येशील का माझ्याबरोबर. हे काम आमच्या बजेटमध्ये कुठल्या हेडखाली होतं माहितीये? 'इतर मानधन'. झेरॉक्सच्या वर, वीजबिलाच्या खाली.

प्रश्न : वस्तीतली सेवा म्हणजे नक्की काय काय? मला तर फक्त भिंतीवरची पोस्टरं दिसतात.
– एक वाचक

पोस्टर ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कामाची गोष्ट आहे, म्हणून तीच जास्त दिसते. खरं काम म्हणजे ड्रॉप-इन सेंटर, जिथे नशेत असलेला माणूस पण येऊन अंघोळ करू शकतो, जखम धुऊन घेऊ शकतो. समुपदेशन. घरच्यांचे गट, कारण बायका आणि आया वेगळ्याच आजारी असतात. अफूवर्गीय ड्रग्जसाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे तलफ आवरणारी पर्यायी औषधं, देखरेखीखाली देणं. सुईने घेणाऱ्यांना स्वच्छ सुया देणं, म्हणजे एचआयव्ही आणि हेपेटायटिस सी कमी पसरतो. ओव्हरडोस झाला तर श्वास परत आणणारं नालोक्सोन हे औषध आणि ते कसं द्यायचं याचं ट्रेनिंग. मग कामधंदा, राहायची जागा, कोर्टाच्या तारखा. एका खोलीत, तीन-चार माणसांत हे सगळं चालतं.

प्रश्न : आमचं सेंटर सरकारी अनुदानावर चालतं. आठ महिने हप्ता नाही. तीनपैकी दोन समुपदेशक सोडून गेल्या, मी राहिले कारण मला दुसरी नोकरी मिळाली नाही, खोटं कशाला बोलू. पैसे असे का अडकतात आणि आम्ही काय करायचं?
– एक समुपदेशक

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि जरा फिरून आले.

अडकतात कसे ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कुणीतरी खाल्ले म्हणून येत नाहीत, दरवेळी तसं नसतं. प्रस्ताव जातो, तपासणी होते, मंजुरी येते, पहिला हप्ता येतो. पुढच्या हप्त्यासाठी आधीच्या पैशाचं यूसी म्हणजे विनियोग प्रमाणपत्र लागतं, त्याला ऑडिट झालेला हिशोब जोडावा लागतो, ऑडिट वर्ष संपल्यावर होतं, मग वर फाइल फिरते, कुणी एक रकाना रिकामा बघून परत पाठवतो. तोपर्यंत नवीन वर्षाचे चार-सहा महिने गेलेले असतात. आणि मग वर्ष संपायच्या तोंडावर सगळे पैसे एकदम येतात आणि वर लिहिलेलं असतं की अमुक तारखेच्या आत खर्च करा. मधल्या काळात सेंटर कोण चालवतं? तुम्ही. बिनपगारी. सरकारला बिनव्याजी उधार देणारी बँक म्हणजे समुपदेशक, असं मी आमच्या एका साहेबांना म्हटलं होतं, ते हसले, त्यांना वाटलं मी जोक केला.

माझी पण एक चूक सांगून टाकते. एका वर्षी पगाराचं हेड कोरडं आणि पोस्टर-पत्रकांच्या हेडमध्ये पैसे पडून. मी दोन महिन्यांचे पगार त्या हेडमधून दिले, मनात म्हटलं हप्ता आला की फिरवून टाकू. हप्ता आला पण त्याआधी ऑडिटर आला. आक्षेप निघाला, तो मिटायला दोन वर्षं गेली आणि त्यापायी पुढचा हप्ता आणखी लांबला. गंमत म्हणजे ते पैसे न वापरता परत केले असते तर कुणी एक शब्द विचारला नसता. म्हणून सांगते, कितीही जीव तुटला तरी या हेडचं त्या हेडला करू नका, आधी लेखी परवानगी मागा. नाही आली तरी मागितल्याची पोच फाइलला राहते.

बाकी करता येण्यासारखं म्हणजे, यूसीसाठी वर्षअखेरची वाट बघू नका, हिशोब दर महिन्याला सीएकडून बघून घ्या, तीन आठवडे वाचतात. हप्ता थकल्याचं पत्र पाठवताना 'कर्मचाऱ्यांचे पगार थकले' एवढंच लिहू नका, किती पेशंट सध्या औषधावर आहेत आणि कुठल्या तारखेपासून त्यांना बघायला माणूस नसेल ते आकड्यात लिहा. पगाराच्या पत्राला उत्तर येत नाही, तारखेच्या पत्राला येतं, कारण उद्या काही झालं तर ती तारीख फाइलमध्ये असते.

पण हे सगळं ठिगळ लावणं झालं. मूळ दुखणं हे की पैसा एका वर्षाचा आणि आजार पंधरा वर्षांचा. पेशंट पहिले तीन महिने तर समोरच्याचा अंदाजच घेत असतो. तीन महिन्यांपेक्षा कमी उपचारांचा फार उपयोग होत नाही असं अमेरिकेची राष्ट्रीय ड्रग-संशोधन संस्था नायडा पण सांगते. आणि ज्या माणसाशी तो एकदाचा खरं बोलायला लागला ती समुपदेशक सातव्या महिन्यात सोडून जाते, मग नवीन येते, तो परत पहिल्यापासून आपली सगळी गोष्ट सांगणार का? नाही सांगत. येणंच बंद करतो.

इतर देशांत पण हेच होऊन गेलंय. इंग्लंडमध्ये २०१३ पासून ही जबाबदारी स्थानिक कौन्सिलांकडे गेली, वरून येणारा पैसा कमी होत गेला, अनुभवी माणसं गेली, राहिलेल्यांकडे पेशंट भरमसाठ. शेवटी सरकारनेच डेम कॅरोल ब्लॅक या तिथल्या नामवंत डॉक्टरांना परीक्षण करायला सांगितलं, २०२१ मध्ये त्यांच्या अहवालाचा दुसरा भाग आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने उपचारांसाठी ३ वर्षांचे ७८ कोटी पौंड जाहीर केले. स्कॉटलंडने २०२१ मध्येच ५ वर्षांसाठी २५ कोटी पौंड असं एकदम सांगून टाकलं. रक्कम पुरेशी का अपुरी ते सोडा, मला त्यातला '३ वर्षं' आणि '५ वर्षं' हा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर माणूस कायम नेमता येतो.

पोर्तुगालचं नाव सगळेच घेतात, २००१ पासून तिथे स्वतःपुरतं ड्रग्ज बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही वगैरे. पण ते अर्धंच सांगतात. कायदा बदलला त्याबरोबर उपचार आणि वस्तीतल्या टीम्सवर पैसा पण लावला होता. पुढे मंदी आली, २०१२ मध्ये हे सगळं एका छताखाली बघणारी राष्ट्रीय संस्थाच मोडली, उपचारांचा भाग प्रादेशिक आरोग्य यंत्रणांत वाटून टाकला आणि खर्चाला कात्री लागली. कायदा तोच राहिला, हात कमी झाले, आणि आता तिथल्या रस्त्यांवरची नशा बघून लोक कायद्याला शिव्या देतात. पैशाची आठवण कुणाला नाही.

प्रश्न : मी प्रामाणिकपणे टॅक्स भरतो. ज्यांनी स्वतःच्या हाताने वाटोळं करून घेतलं त्यांच्यावर माझा पैसा का? आणि बरे झालेले परत तेच करतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय.
– एक व्यावसायिक

राग समजतो. पण तुमचा पैसा त्यांच्यावर जातोच आहे हो, फक्त कुठल्या दारातून जातो एवढाच प्रश्न आहे. अँब्युलन्स, कॅज्युअल्टी, पोलीस, कोर्ट, तुरुंग, अनाथ झालेली पोरं, हे सगळं टॅक्सवरच चालतं. कॅरोल ब्लॅक यांच्या अहवालात उपचारांवरच्या १ पौंडामागे ४ पौंड वाचतात असा हिशोब आहे, अमेरिकेत नायडा १ डॉलरला ४ ते ७ डॉलर सांगते.

आता एक हिशोबनीस म्हणून माझी शंका. एवढा फायदा आहे तर सरकारं धावत का सुटत नाहीत? तर बघा, पैसा जातो आरोग्य किंवा समाजकल्याणच्या खिशातून आणि वाचतो गृह आणि न्याय खात्याच्या खिशात. ज्या साहेबाने सही करायची त्याच्या वहीत फक्त खर्च दिसतो, बचत दिसते ती तिसऱ्याच मजल्यावरच्या साहेबाला, आणि त्याला ती बचत आहे हे पण कळत नाही, त्याला वाटतं यंदा गुन्हे जरा कमी झाले. न झालेल्या चोरीचं व्हाउचर कोण बनवणार!

परत सुरू करतात हे पण खरंच आहे, नाही म्हणत नाही. साधारण ४० ते ६० टक्के लोकांत ते होतं. पण ब्लडप्रेशर आणि दम्याच्या पेशंटमध्ये औषध-पथ्य सोडून परत त्रास सुरू होण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के धरतात. काकांनी बीपीची गोळी बंद केली आणि चक्कर येऊन पडले तर आपण त्यांना सलाइन लावतो, वर सरकारी पैसा वाया गेला असं कुणी म्हणत नाही.

प्रश्न : पैसे निकालावर द्यावेत. जितके बरे केले तितके पैसे. संस्था आपोआप सरळ होतील.
– माजी लेखापरीक्षक

साहेब, तुमच्या जमातीबद्दल आदर आहे (वरचा किस्सा तुमच्यावर नव्हता). इंग्लंडने हे करून पाहिलं, २०१२ पासून ८ ठिकाणी, निकाल दाखवा आणि पैसे घ्या. नंतर तपासलं तर त्या ठिकाणी उपचार व्यवस्थित पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढण्याऐवजी बाकीच्या भागांच्या मानाने कमी झालेलं दिसलं. कारणं काहीही असोत, पण मला माझ्या टेबलावरून एक गोष्ट दिसते, की 'बरा झाला' हा रकाना आला की संस्था अवघड पेशंटकडे बघून न बघितल्यासारखं करते. ज्याला घर नाही, ज्याच्यावर केस आहे, जो चौथ्यांदा आलाय, तो आकडे बिघडवतो. आणि खरा तर तोच यायला पाहिजे होता.

मोजायचंच ना, मोजा की. किती जण वर्षभर संपर्कात राहिले ते मोजा. घसरल्यावर परत यायला किती दिवस लावले ते मोजा. आमच्याकडे एकाला पहिल्यांदा सात महिने लागले होते, दुसऱ्यांदा तीन आठवडे, तिसऱ्यांदा तो दुसऱ्याच दिवशी शटर उघडायच्या आधी पायरीवर बसलेला. सरकारी फॉर्मवर तिन्ही वेळा एकच शब्द होता, 'अपयश'.

प्रश्न : दारू-तंबाखूवरच्या टॅक्समधून नाहीतर कंपन्यांच्या दंडातून हा खर्च काढला तर?
– एक वाचक

चालेल की, पण वही वेगळी ठेवली तरच. अमेरिकेत १९९८ साली ४६ राज्यांनी सिगारेट कंपन्यांकडून भरपाई वसूल केली, बहुतेक राज्यांनी ती बजेटमधली भोकं बुजवायला वापरली आणि तंबाखू सोडवण्यावर अगदी थोडी. त्यावरून शहाणे होऊन पुढे अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांच्या कंपन्या-वितरकांशी मोठा समझोता झाला तेव्हा त्यात अट घातली की किमान ८५ टक्के रक्कम त्या गोळ्यांच्या व्यसनाच्या संकटावरच खर्च करायची. अशी अट नसेल तर पैसा रस्त्यात मुरतो, कधी कधी शब्दशः.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा, १४ महिने क्लीन. आमचा छोटा ग्रुप आहे, दर संध्याकाळी बसतो. एक अधिकारी म्हणाले अनुदान मिळवून देतो. घ्यावं का?
– एक मुलगा

अरे वा, १४ महिने! आधी हे सांग की ग्रुप कुठल्या पद्धतीने चालतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना सावरायच्या पद्धतीचा असेल तर प्रश्नच मिटला. १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावात दोन दारुड्यांपासून ही चळवळ सुरू झाली, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, आणि त्यांच्या सातव्या परंपरेत (नियमांना ते परंपरा म्हणतात) स्पष्ट आहे की बाहेरचा पैसा घ्यायचा नाही, आपापल्यात वर्गणी काढायची. ड्रग्ज सोडणाऱ्यांचं नार्कोटिक्स अॅनॉनिमस पण तसंच. आणि फुकटचं म्हणून ते कमी दर्जाचं समजू नकोस, २०२० मध्ये २७ अभ्यास एकत्र करून कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला तेव्हा दारू पूर्ण बंद ठेवण्यात या पद्धतीचा जोर बाकीच्या नावाजलेल्या उपचारांपेक्षा थोडा जास्तच भरला.

तुमचं असं काही बंधन नसेल तरी माझं मत विचारशील तर ग्रुपने पैसा घेऊ नये. पैसा आला की खजिनदार येतो, हजेरीपट येतो, सही येते, आणि ज्याने काल घेतली तो सही करायला लागू नये म्हणून येतच नाही. त्या अधिकाऱ्यांना म्हण, संध्याकाळी एक तास खोली द्या आणि तुमच्या हॉस्पिटलमधून सुटणाऱ्या माणसाला आमचा पत्ता सांगा. एवढंच. तुला स्वतःला हे काम पूर्णवेळ करायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, मग संस्थेत नोकरी घे, नेमणूकपत्र घे, पगार ठरवून घे. तू त्यातून गेलायस म्हणून तू फुकट राबावंस हा हिशोब मला कधीच पटला नाही.

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्ष ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, कामाला जातो. सेंटर निधी नाही म्हणून महिनाअखेर बंद होणार म्हणतात. मला काही सुचत नाही.
– एक आई

ताई, घाईने एकच काम करा, सेंटरमधली माणसं अजून जागेवर आहेत तोवर त्याचं ट्रान्स्फर लेटर घ्या. त्यावर औषधाचं नाव, सध्याचा डोस, शेवटचा डोस कधी दिला ती तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का पाहिजे. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात ते दाखवून आत्ताच विचारून ठेवा की औषध तिथे मिळतं का, नसेल तर जवळ कुठे मिळतं. औषध एकदम थांबू देऊ नका आणि 'एवीतेवी कमीच करायचं होतं' असं म्हणून कुणी डोस घाईने उतरवायला लागलं तर नाही म्हणा, उतरवणं डॉक्टरांनी हळूहळू करायचं असतं. मधे चार-आठ दिवस खंड पडलाच तर मुलाला स्पष्ट सांगा की जुना माल जुन्या मापाने घेतला तर जीवावर बेतेल. लाजू नका, मोठ्याने सांगा. आणि एक चिठ्ठी खात्याला पण लिहा, संस्थेच्या अनुदानाबद्दल नको, फक्त एवढं की अमुक तारखेनंतर माझ्या मुलाला औषध कुठे मिळेल ते लेखी कळवा. पोच घ्यायला विसरू नका.